नव्या कर्नलचा दसरा

अक्षर वाकडं आणि शुद्धलेखन कच्चं, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर हातात पेन क्वचितच आला. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी आधी सांगितलेलं बरं.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीचा दसरा. सेलूला आमच्या पुढच्या खोलीत ह्यांचा टायपिंगचा क्लास होता आणि मधल्या खोलीत कॉम्प्युटर. तो माझ्या शब्दावर माझ्या भावाच्या पैशातून आला होता. व्यापाऱ्यांच्या याद्या छापून पैसे फेडायचे होते. फिटेपर्यंत माहेरी तोंड दाखवायचं नाही असं मीच ठरवलं. देवगाव फाट्यावरून तासाभराची वाट, वर्षभर गेले नाही.

धाकटे भावजी पुण्याला इंजिनिअरिंगला होते. मशीन चालवणारं लिनक्स त्यांनीच बसवलं होतं. नवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा घालायला घेतला.

"चालू तर हाय की. कशाला हात लावता?"

"वैनी, जुन्यावर लय हळू चालायलंय."

काम संध्याकाळपर्यंत चाललं. लाइट कमीजास्त झाली की ह्यांना हाक मारायची म्हणून सासूबाईंनी मला तिथंच बसवलं. बसल्या बसल्या भावजी दाखवत होते. "सुरू होताना ही शिफ्टची कळ धरायची, मग ही टॅब. दोन नावं येतात, वरचं नव्याचं, खालचं जुन्याचं. जुना काढला न्हाई, बाजूला ठेवलाय. नवा अडला तर खालचं नाव टाकायचं आन् ही मोठी कळ दाबायची."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मशीनला हळदकुंकू, झेंडू वाहिला. भावजींना नवा कर्नल एकदा चालवून बघायचा होता.

"आज हत्यारं विसाव्याला," सासूबाई म्हणाल्या. "टाइपरायटरला कुणी हात लावला न्हाई, तुजं डबडं काय देवाहून मोठं हाय का?"

दसऱ्याला सोनं वाटून भावजी पुण्याच्या गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी मशीन लावलं. अक्षरं धावली आणि मध्येच थिजली. तीनदा तसंच झालं. होस्टेलला फोन लागेना.

"बिघडवून गेला. परभणीचा एक जण अर्ध्या किमतीत घेतो म्हणलाय. उद्या आणतो त्याला."

"अहो, जुना ठेवलाय म्हणे त्यांनी..."

"चौथी शिकलेली तू. तुला काय कळतंय त्यातलं?"

अर्ध्या किमतीत भावाचे पैसे कधीच फिटले नसते. रात्रभर शिफ्ट, मग टॅब, असं मनात घोकत राहिले.

हे पहिल्या गाडीनं गेले. मी आतून कडी लावली. त्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, दुपारीही उजेड येत नाही. मशीन लावून शिफ्ट धरली, टॅब दाबली. दोन नावं आली. खालचं तसंच्या तसं उतरवायचं, एवढंच. पण पडद्यावरची इंग्रजी अक्षरं छोट्या लिपीतली आणि कळांवरची मोठ्या. एकही जुळेना. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "आत काय करायलीस गं?" मी कोपऱ्यापासून एकेक कळ दाबत गेले. उमटेल ते बघायचं, नको ते पुसायचं. चार अक्षरांना किती वेळ लागला, माहीत नाही. शेवटी मोठी कळ दाबली.

ओळी धावल्या. थिजायची जागा मागं गेली. पडदा नाव विचारत थांबला. मी हात पदराखाली घेतले.

दुपारी हे त्या माणसाला घेऊन आले. तो हसला. "मास्तर, चालू हाय की हे! भाव वाढवायचा इचार हाय व्हय?"

हे खुर्चीवर बसले, यादी उघडली, बघत राहिले. "कुणी लावलं?"

सासूबाईंनी माझ्याकडं बोट केलं. माझी मान वर होईना.

"विकायचं न्हाई," हे त्या माणसाला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला एवढंच, "मशीन लाव."

भावजी दिवाळीला येईपर्यंत मी रोज खालचं नाव टाकत राहिले. याद्या छापून जात राहिल्या. पुढच्या संक्रांतीला भाऊ आला. उरलेले सातशे मी त्याच्या हातावर ठेवले. त्यानं दोनदा मोजले, खिशात घातले आणि म्हणाला, "फिटले, अक्का."