आई कोयनेला निघाली तेव्हा

सुनेने आज कणकेत बडीशेप भरडून घातली, आणि त्या वासाने मी थेट रेवदंड्याच्या आमच्या ओटीवर जाऊन बसले.

गुडघा गेला म्हणून बाबांनी होडी विकली होती. तो सगळा पावसाळा ते कोणाशी धड बोलले नव्हते. ताईचा नवरा कोयनेकडचा. दिवाळीला आला तेव्हा त्याने धरणावर गळ टाकायला जायची गोष्ट काढली, आणि आमिषाची कणीक कशी मळतात तेही ओटीवर बसून दाखवलं. कणीक, गूळ, वर बडीशेप.

"म्हावऱ्याला चपाती घालता व्हय?" बाबा म्हणाले. मग, "तिथं भरती-ओहोटी न्हाय, तर मासा काठाला येतो कवा?"

"सकाळी, उन्हं तापायच्या आधी," भावजी म्हणाले. बाबा पुढे सरकून बसले.

तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. "मी पन येनार. जल्मभर तुमी धरलेला मासा मी इकला. आता मी धरीन, तुमी इका."

बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आईला घाट लागायचा, गाडीत बसायचं नाव नको असायचं. ती कोणासाठी निघाली होती, हे मला आत्ता या वयात कळतं.

गेलो आम्ही. पहिला रोहू आईच्याच गळाला लागला. तो काढायला बाबा पाण्यात उतरले आणि बराच वेळ बाहेर यायलाच तयार नव्हते.