बदललेली भांडी

सुधावहिनी गेल्याची बातमी मला शमीमने दिली. ठाण्यात, कोपरीच्या भाजीबाजारात मी मेथीच्या जुड्या उलटसुलट करून पाहत होतो, तेवढ्यात फोन वाजला. "भाऊ, बाई गेल्या. तुम्ही या डोंबिवलीला," एवढंच ती म्हणाली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला रागच आला. सख्ख्या वहिनीच्या जाण्याची बातमी मला कल्याणच्या वस्तीतून कळावी? पुतण्याचा, अभयचा, फोन आला तो बऱ्याच वेळाने. बिचारा बंगळुरूहून विमानाने येत होता. मी डोंबिवलीला पोचलो तेव्हा कळलं की गेले काही दिवस वहिनीच्या उशाशी बसायला वस्तीतल्या दोघी येत होत्या, शमीम आणि मंगल. पण एकत्र नाही. एक आली की दुसरी पदर सावरून उठायची. शेवटच्या वेळी पाळी शमीमची होती, म्हणून फोन तिने केला.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. तिने पहिल्याच आठवड्यात माझा तो समज काढून टाकला. शेवटपर्यंत ती मला 'भावजी'च म्हणाली, आणि त्या एका शब्दात कौतुक, थट्टा, दटावणी सगळं बसवायची. कल्याणच्या एका शाळेत ती मराठी शिकवायची. तिला चहा कधीच जमला नाही. दादा म्हणायचा, हिच्या चहात व्याकरण बरोबर असतं, चव नसते. निवृत्त झाल्यावर आणि दादा गेल्यावर माणसं देवदेव करतात, वहिनीने शाळेच्या मागच्या वस्तीत शिवणाची यंत्रं आणि संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला. वस्तीतल्या अर्ध्या पोरांना तिने शाळेत शिकवलेलं, उरलेल्या अर्ध्यांच्या आयांना. सगळ्यांची ती बाई.

त्या वस्तीचं नाव मी इथे देत नाही. तिथल्या माणसांना ते आवडणार नाही, आणि दंगलीखेरीज त्या नावाला दुसरंही पुष्कळ काही आहे. वरची आळी हिंदूंची, खालची मुसलमानांची, दोन्हीला पाण्याचा नळ एक आणि समाजमंदिर एक. काही वर्षांपूर्वी तिथे दंगल झाली. कशावरून झाली हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. खालच्या आळीतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी मुंब्र्याला, कोणी आणखी कुठे, नातेवाइकांकडे निघून गेली. घरं उघडी राहिली आणि उघड्या घरांतून सामान गेलं. पुढे पोलिसांचा पहारा सैल झाला तशी ती माणसं दिवसा यायला लागली. दारं बसवायची, भिंती पुसायच्या आणि उन्हं कलली की परत जायची. आम्हाला तेवढ्यानेही हायसं वाटायचं, वहिनीला मात्र नाही. ती म्हणायची, "दिवसा येणं म्हणजे येणं नव्हे, भावजी. माणूस निजायला आला की घरी आला." त्या माणसांनी पुन्हा आपापल्या घरात निजावं, एवढंच तिला हवं होतं.

ठाण्यातून मदत गोळा करायचं काम तिने माझ्या गळ्यात मारलं. कोलशेतच्या कंपनीतून मी नुकताच निवृत्त झालो होतो, म्हणजे तिच्या हिशेबी रिकामटेकडाच. सोसायट्यांनी भरभरून दिलं, यात शंका नाही. पण लोक मदतीच्या नावाखाली माळा साफ करतात हे मला तेव्हा कळलं. नऊवारी लुगडी आली, लग्नातला सूट आला, एका गृहस्थांनी तर चाकांचे बूट दिले. चांगलं म्हणावं असं एक होतं, ॲल्युमिनियमच्या भांड्यांचे नवे कोरे संच. ते आम्ही घरोघर दिले आणि मी स्वतःवर खूश झालो. पुढच्या आठवड्यात पाहतो तर प्रत्येक घरात तो संच कोपऱ्यात तसाच, झाकणावरची चिकटपट्टीसुद्धा कोणी काढलेली नाही.

वहिनीची एक रीत होती. तुमचं काय काय गेलं, हे ती कधी विचारत नसे. ते विचारणारे पुष्कळ येऊन गेले होते, कॅमेरे घेऊनसुद्धा. ती दारात बसकण मारायची आणि विचारायची, आज काय शिजवणार? त्यावर बायका हळूहळू बोलायला लागल्या. कुणाला तिचा तवा हवा होता, कुणाला माहेरची परात. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. दुकानदार भांडं देतानाच ते टिकल्याटिकल्यांनी कोरून देतो. लग्नकार्यात शेजारपाजारची भांडी एकत्र होतात, ती ज्याची त्याला परत जावीत म्हणून. त्या बायकांच्या भांड्यांवरही नावं होती. आणि ती भांडी फार लांब गेलेली नव्हती. वरच्या आळीत होती, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

एके सकाळी वहिनीने समाजमंदिरात एक टेबल मांडलं आणि बाहेरच्या फळ्यावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'भांडी बदलली असल्यास येथे आणून ठेवावीत.' मी वाचलं आणि माझं डोकं सणकलं. बदलली? पंगतीत बदलतात तशी? मी तिला म्हटलं, लुटीला लूट म्हणायची हिंमत नसेल तर फळा कशाला? ती शांतपणे हातावरचा खडू झटकत राहिली. लूट लिहिलं तर कोण आणून देईल, असं तिचं म्हणणं. तिला म्हणे माणूस पकडायचा नव्हता, भांडं परत हवं होतं. मी रागारागाने कोपरीला निघून आलो. पण तिचं खरं ठरलं. कोणाला न दिसता, पहाटेच्या आत, टेबलावर भांडी येऊ लागली. चिंचेने घासून लख्ख केलेली. काहींवरची नावं कानशीने घासलेली, पण यायची मात्र. बायका आपापली ओळखून न्यायच्या. कोणी काही बोलत नसे, बाईंच्या शब्दाने सगळ्यांची सोय झाली होती. त्या टेबलापाशी उभं राहून मी वहिनीला मानलं.

मग शमीम आली. टेबलावर तिची देगची होती. तांब्याची, आतून कल्हई केलेली, तिच्या आईने लग्नात दिलेली. काठाखाली आईचं नाव कोरलेलं होतं, अमीना. त्यातली 'अमी' ही अक्षरं कोणीतरी सुरीने खरवडून काढली होती, नुसतं 'ना' शिल्लक होतं. शमीमने त्यावरून बोट फिरवलं. मग ती बाहेर जाऊन फळा वाचून आली आणि देगचीला हात न लावता उभी राहिली.

"बाई, बदली नाय झाली ही," ती म्हणाली. "उचलून नेली. मी माळ्यावर लपलेली. माझ्या आँखों के सामने मंगलने नेली. तुम्ही बदली लिवलं तर मग मी काय बघितलं?"

मंगल म्हणजे शमीमच्या मागच्या दारची शेजारीण, दोघींची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून. शमीमने सांगितलं, ज्या हाताने नेली त्या हाताने, जे केलं ते बोलून, आणून दिली तर घेईन. नाहीतर राहू दे इथेच. आणि या घरात मी झोपायला येणार नाही. ती संध्याकाळच्या गाडीने मुंब्र्याला गेली. वहिनी उठली, बाहेर गेली आणि तिने पदराने फळा पुसला. पदराने का, हे मला आजही सांगता येत नाही. ओलं फडकं शेजारीच होतं.

मंगल तिची विद्यार्थिनी. दुसऱ्या दिवशी वहिनी देगची घेऊन तिच्या घरी गेली, मला बरोबर नेलं. मंगलने आधी सांगितलं की मी ती सांभाळायला आणली होती. वहिनीने मान डोलावली आणि त्या खरवडलेल्या अक्षरांकडे पाहत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मंगल रडली, नवऱ्याला दोष दिला, शेजाऱ्यांना दिला, मग दोष द्यायला कोणी उरलं नाही तेव्हा म्हणाली, जाईन. वहिनी उठली आणि मंगल तिच्या मागून म्हणाली, "पण बाई, भांडं रिकामं कसं नेऊ?" मला हसावं की रडावं कळेना. लुटून आणलेलं भांडं परत करायचं, आणि या बाईला काळजी काय, तर शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये! पण वहिनीचा चेहरा उजळला. ती म्हणाली, तुझ्या घरात जे असेल ते घाल.

मंगलने तांदूळ घातले. शमीम तिच्या दारात होती, वहिनी आणि मी नळापाशी. मंगलचा आवाज फुटत नव्हता, पण आळीतल्या चार बायकांना ऐकू जाईल इतका तो निघाला.

"मी नेलेली. सगळी नेत होती म्हणून मीपण नेली. नाव मीच खरवडलं."

शमीमने देगची घेतली. तांदूळ परातीत ओतले आणि म्हणाली, "चावल आणलेस ते माझ्याच भांड्यात. आता तुझं कुठलं भांडं भरून देऊ?" हे ती थट्टेने म्हणाली की कडवटपणाने, यावर वहिनीचं आणि माझं कधी एकमत झालं नाही. त्या रात्री मात्र शमीम आपल्या घरी निजली. तिच्या मागोमाग आणखी काही घरं आली. काही कधीच आली नाहीत. त्यांची भांडी समाजमंदिरात राहिली आणि आता दोन्ही आळ्यांच्या लग्नांना तीच वापरतात.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती आजवर पुष्कळदा सांगितली असती. पण शमीमने ती देगची फळीवर ठेवली ती ठेवलीच. चुलीवर चढवली नाही. मंगलशी ती बोलायची, नळावर, कामापुरतं. दोघींची पोरं एकत्र अभ्यासाला बसायची. वहिनी दर खेपेला शमीमच्या घरी जायची, आज काय शिजवलं विचारायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून फळीकडे पाहून यायची. आमची शेवटची भेट झाली तेव्हा ती खूपच खंगली होती. मी तिला उगाच मोठेपणा द्यायला म्हटलं, वहिनी, किती घरं उभी केलीस गं. तिने नाक मुरडलं. म्हणाली, "अजून तिने त्यात काही शिजवलं नाही, भावजी. मी घाई केली का रे तेव्हा?" आयुष्यभर मला अहोजाहो करणारी वहिनी त्या दिवशी 'रे' म्हणाली. मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि निघालो.

ती गेली त्या दिवशी सगळं आटोपून आम्ही घरी परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घरात चूल पेटायची नव्हती. शेजारच्यांनी पिठलंभात आणायचं कबूल केलं होतं. दार वाजलं, मी उघडलं, तर बाहेर शमीम आणि मंगल. दोघींच्या मध्ये फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड, एक कान एकीच्या हातात, दुसरा दुसरीच्या. कल्याणहून रिक्षाने त्या ते मांडीवर धरून आल्या होत्या. फडकं काढलं तर ती देगची. आत मुगाची खिचडी, अजून वाफाळणारी, आणि आतली कल्हई चांदीसारखी नवी. शमीम म्हणाली, "बाईंना बरं वाटलं की खिलवीन म्हणून मागच्या महिन्यातच कल्हई करून ठेवलेली. हिला म्हटलं, तुझे चावल घाल." आमच्या एका आत्याबाईंनी कपाळाला आठी घातली, पण अभयने आधी ताट पुढे केलं, मग मी केलं. ही खिचडी आठवडाभर आधी आली असती तर, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. वहिनीने चमचाभर तरी चाखली असती.

अभय फ्लॅट बंद करून बंगळुरूला गेला. जाताना देगची माझ्याकडे दिली, काका, तुम्ही पोचवा म्हणून. आमच्या ओट्यावर ती आहे, घासूनपुसून पालथी घातलेली, खाली 'ना' हे अक्षर. सुतकात भरलेलं भांडं कोणाकडे पाठवत नाहीत, म्हणून मी थोडे दिवस काढले. आता तेरावं होऊनही बरेच दिवस झाले, तेही निमित्त उरलं नाही. बायको म्हणते, साखर घाला. मी म्हणतो साखर नको, तांदूळ नको, ते एकदा होऊन गेलं. रोज सकाळी मी ती सुलटी करतो, आत पाहतो आणि पुन्हा पालथी घालतो. असलं काही अडलं की मी डोंबिवलीला फोन लावत असे.