एकशे बावन्न ग्रॅम

गेल्या सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, दोन हजार सातशे रुपयांना आम्ही फोमचं एक विमान विकत घेतलं. हजर तिघं: मी, नववीत शिकणारी माझी मुलगी आणि माझे वडील, म्हणजे आप्पा. विमान हातभर लांब, बॅटरीवर चालणारं, रिमोटने उडणारं.

"अंकलजी, चार सौ छियासी ग्राम है," दुकानदार म्हणाला. "साढ़े पाँच सौ के ऊपर गया तो मोटर नहीं उठाएगी."

घरी येऊन मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. वजन ४८६ भरलं. एका वहीत टिपून ठेवलं.

आप्पा भुसावळला रेल्वेत फिटर होते. मालगाडीचे डबे दुरुस्त करण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. आई गेल्यावर मी त्यांना इथे जयपूरला, बनी पार्कातल्या आमच्या भाड्याच्या घरी आणलं. माझी विम्याच्या कचेरीतली नोकरी, बायको शाळेत शिकवते. आप्पा दिवसभर एकटे. उजवा हात थरथरतो म्हणून घरातलं कुठलंच काम आम्ही त्यांना सांगत नव्हतो. नळ गळला तरी प्लंबर यायचा आणि आप्पा मागे हात बांधून त्याच्याकडे बघत उभे राहायचे.

विमान पहिल्याच रविवारी नाकावर पडलं आणि पंख मुळाशी चिरला. मुलीने ते आणून आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. त्या दिवशी त्यांनी पेटीतून स्वतःची हत्यारं काढली. जयपूरला आल्यापासून ती पेटी उघडलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी बांबूची पट्टी तासली, एपॉक्सीने बसवली, वरून दोरा गुंडाळला. एरवी चहाचा कप हिंदकळवणारा हात त्या कामात मात्र स्थिर होता. वजन ५१०.

"माझ्या हातचं काम परत आलेलं नाही," ते म्हणाले. "रेकॉर्ड आहे."

पंख परत चिरला नाही, हे खरंच. पण पुढच्या वेळी दुसरीकडे तुटलं. तिथेही पट्टी आली. ५४२. मग शेपटी गेली. शेपटीला नऊ ग्रॅमची पट्टी लागली, त्याने तोल मागे गेला, म्हणून आप्पांनी नाकात सव्वीस ग्रॅमचा नट बसवला. ५७७. विमान उडायचं, पण पोट भरलेल्या कबुतरासारखं. मग त्यांनी चाकांची तार बदलून जाड घातली. ६१५.

"आजोबा, हे एरोप्लेन आहे, मालगाडी नाही!" मुलगी म्हणाली.

"मालगाडी कधी अशी नाकावर पडते का? सांग."

"ती उडते तरी का?"

"पडत नाही ना? मग झालं."

दोघं हसली. मीही हसलो. पाचव्या दुरुस्तीत सगळ्या पोटाखाली चिवट टेप लागली आणि आकडा ६४२ झाला. त्यानंतर विमान हातातून सोडलं की चार पावलांवर धप्पकन बसायचं. मुलगी दोन रविवार मैदानावर आली, तिसऱ्या रविवारी नाही म्हणाली.

मी आप्पांना वही दाखवली. "यातलं थोडं काढावं लागेल."

"काढशील तर कशावर टिकेल ते?" त्यांनी वही चष्म्याशी धरून वाचली आणि परत दिली. "आकडे बरोबर आहेत तुझे. पण तुटलेल्या ठिकाणी जोर लागतोच, बाबा."

नोव्हेंबरात बायको त्यांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत घेऊन गेली. मला सुट्टी होती. मी ब्लेड, गरम पाण्यात बुडवलेलं फडकं आणि काटा घेऊन बसलो. टेप सोलली. नट काढला. तार जुनी लावली. पट्ट्या निघेनात, तेव्हा कडेने ब्लेड फिरवून एकेक उचकटली. प्रत्येक पट्टीची टोकं कागदाएवढी निमुळती तासलेली होती आणि प्रत्येकीवर बॉलपेनने बारीक अक्षरात तारीख होती. मालगाडीच्या डब्याच्या अंगावर दुरुस्तीची तारीख रंगवतात, तशी. चिरलेल्या जागी मी फक्त पातळ गोंदाची रेघ ओढली. काढलेलं सगळं स्टीलच्या ताटलीत ठेवून तोललं. एकशे बावन्न ग्रॅम. विमान ४९०. चार ग्रॅम जुना गोंद निघालाच नाही.

हे मी आप्पा बँकेत असताना का केलं, याचं उत्तर मला माहीत आहे. समोर केलं असतं तर मला करवलं नसतं. त्यांच्याच हाती ब्लेड देऊन "आप्पा, दीडशे ग्रॅम उतरवा" म्हणालो असतो, तर त्यांनी आठवडाभर डोकं लावून काही वाट काढली असती. हे मात्र तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिघंही मैदानावर गेलो. मुलीने विमान सोडलं आणि ते वर गेलं, वळलं, आमच्या डोक्यावरून दोन फेऱ्या मारून आलं.

"आजोबा, देखो ना! उडलं! मतलब, खरंच उडलं!"

आप्पा डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होते. चार मिनिटांनी विमान गवतात उतरलं. त्यांनी ते उचललं, पंखाच्या मुळाशी अंगठा फिरवला, मग पोटाखाली, मग शेपटीशी.

"हलकं झालं."

"थोडं कमी केलं, आप्पा."

"किती?"

मला खोटा आकडा सांगता येत नाही. "एकशे बावन्न."

त्यांनी विमान हातावर तोलून पाहिलं. मनात बेरीज करत असावेत. "म्हणजे सगळंच," ते म्हणाले आणि विमान नातीच्या हातात दिलं. "छान उडतंय. उडव."

घरी आल्यावर ताटलीतल्या पट्ट्या मी त्यांच्यापुढे ठेवल्या. फेकल्या नाहीत, एवढं तरी कळावं म्हणून. त्यांनी एकही उचलली नाही. "कचऱ्यात टाक," म्हणाले, रागावून नाही. चार दिवसांनी पाहिलं तर हत्यारांची पेटी माळ्यावर गेली होती. स्टुलावर चढून त्यांनी ती एकट्याने कशी चढवली असेल, कोण जाणे.

जानेवारीत पतंगाच्या मांज्यात अडकून विमान पडलं आणि पंख पुन्हा मुळाशी चिरला. मुलगी ते घेऊन त्यांच्या खोलीत गेली. मी दारात उभा होतो.

"आजोबा, करून द्या ना. पप्पा काही बोलणार नाहीत."

"दुकानात दे, पोरी," आप्पा म्हणाले. "त्यांना माहीत असतं, किती लावायचं ते."

ती मी काही बोलेन म्हणून माझ्याकडे बघत राहिली. शनिवारी विमान दुकानात नेलं. दहा मिनिटांचं काम. वजन तीन ग्रॅमने वाढलं. मजुरीचे एकशे ऐंशी रुपये मी दुकानदाराला दिले.