रेघांचं प्रूफ

कोऱ्या पानाचं प्रूफ तपासणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात एकच आहे आणि तो खांदा कॉलनीत आमच्या समोरच्या दारात राहतो. आम्ही त्यांना समोरचे काका म्हणतो. त्यांचा जन्म जमिनींचे नकाशे काढण्याच्या नोकरीत गेला. त्यामुळे कुणाच्याही घरी गेले की ते आधी भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर सरळ करतात आणि मग टेकतात. आमच्या मुलीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाला निरखून ते एवढंच म्हणाले, "भांग नाकाच्या रेषेत नाही." लग्न झालं, संसारही सुखाचा चाललाय, पण जावई अजून काकांसमोर टोपी घालूनच येतो.

निवृत्तीनंतर असा माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतो. काकांनी वह्यांचा धंदा काढला. कारण काकू. लग्न झाल्यापासून त्या रोज एक पान रोजनिशी लिहायच्या. अर्धांगाच्या झटक्यातून त्या सावरल्या, पण हात थरथरायला लागला, अक्षर मोठं झालं आणि बाजारातल्या वहीच्या रेघांत मावेना. त्यांनी वही मिटली, आणि मग बोलणंही कमी केलं. काकांना ते सोसेना. पण बायकोसाठी वही करतोय असं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. म्हणून त्यांनी 'ज्येष्ठांसाठी रुंद रेघांच्या वह्या' अशी योजना आखली, एसटी स्टँडजवळच्या दोन दुकानदारांना गळ घातली आणि छापखाना शोधायला निघाले. स्कूटर माझी.

मुलीचं स्थळ मी तीन आठवड्यांत ठरवलं होतं. छापखाना ठरवायला आम्हाला आठ महिने लागले. काकांच्या पिशवीत स्टीलची पट्टी, भिंग आणि शाईचं पेन. कागद दिसला की त्यावर स्वतःचं नाव लिहायचं आणि उलटून शाई पलीकडे उतरली का ते बघायचं. मग प्रूफ मागवायचं आणि रेघा आधी वरून खाली, मग खालून वर मोजायच्या. द्रोणागिरीच्या एका मोठ्या छापखान्यात आम्हाला एसीत बसवून चहा दिला. काकांनी भिंग लावलं, "चौथी रेघ जाड आहे" म्हणाले आणि उठले. माझा चहा अर्धा राहिला.

शेवटी जुन्या पनवेलच्या गल्लीतला एकजण टिकला. तोही चौथ्या प्रूफाला म्हणाला, "काका, याच्यावर कायच नाय. तुमी वाचता काय?"

"रेघा."

"आमी लग्नपत्रिका छापतो. नवरीचं नाव पण कोण एवढं वाचत नाय." पण तो हसला आणि पाचवं प्रूफ काढायला गेला. काकांनी त्याला शंभर पानी दोनशे वह्या सांगितल्या.

वह्या आल्या आणि मी गठ्ठा सोडून बघितला. कागद कापताना सरकला असावा. प्रत्येक पानावरच्या रेघा उजवीकडे उतरत गेल्या होत्या. काकांनी आत जाऊन चार मुद्द्यांचं तक्रारपत्र लिहायला घेतलं. मी बाहेर गठ्ठ्यापाशी बसलो होतो. काकूंनी त्यातली एक वही ओढली आणि माझ्या खिशातलं पेन मागितलं. आजारापासून त्यांचा हात उजवीकडे खाली खाली जायचा आणि अक्षरं रेघेवरून घसरायची. या वहीत ती घसरली नाहीत. काका पत्र घेऊन बाहेर आले तेव्हा अर्धं पान भरलं होतं.

"ही वही बरी आहे हो," काकू म्हणाल्या. "सरळ आहे."

काकांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. छापखान्याला फोन लावून म्हणाले, "रेघा अशाच ठेवा. पुढच्या वेळीही बदलू नका." पलीकडून आवाज आला, "काका, टोमणे नका मारू, आमी परत छापून देतो." त्याची समजूत मला काढावी लागली.

दुकानदारांना एकही वही मिळाली नाही. सगळ्या काकांच्या कपाटात आहेत आणि काकू रोज एक पान लिहितात. मी एकदा गमतीने म्हटलं, "काका, धंदा तर बुडाला. एवढ्या वह्यांचं करणार काय?"

त्यांनी आत, टेबलाशी वाकलेल्या काकूंकडे पाहिलं. रोज एक पान, शंभर पानं, दोनशे वह्या, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं. जन्मभर जमिनी मोजलेल्या माणसाला हे गणित येत नाही असं नाही.

"पुरतील ना रे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, "नाही पुरणार, काका. अजून छापायला टाकू."

काकांनी पट्टी आणि भिंग पिशवीत भरलं, आणि मी स्कूटरची किल्ली आणायला घरात गेलो.