डफड्याशिवाय दवंडी

दवंडी देण्याआधी ते पाराशी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत आणि पुन्हा बांधत. नाड्या आधीही नीटच बांधलेल्या असत. मग उभं राहून खाकी सदरा खाली ओढत, पितळी घंटा दोनदा हलवत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "सांगतो ते ऐका, मंडळी. मागनं म्हनू नका सांगितलं नाय!"

काम सुरू करण्याआधी काहीतरी उगाच करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे हेडमास्तर फळ्यावर लिहिण्याआधी खडूवर फुंकर मारत. मला वाटायचं, यांच्या नाड्याही तशाच. खरं कारण पुष्कळ दिवसांनी कळलं. त्यांचे वडील याच पाराशी दवंडी द्यायचे, पण वरच्या आळीतून जाताना त्यांना वहाणा हातात घ्याव्या लागत. त्या बापाचा हा मुलगा बूट घालून येई आणि ते सगळ्यांना नीट दिसतील अशा बेताने बांधी.

ते आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई. मी पेणहून बदली होऊन त्या गावी शिक्षिका म्हणून गेले होते. चौक गावापासून एसटीने थोडं आत, नदीकाठी गाव. शाळा आणि पंचायत एकाच इमारतीत, मध्ये पत्र्याची भिंत. तिकडे कोणी शिंकलं तर इकडे माझी पोरं पाढे म्हणायची थांबत. त्यामुळे पंचायतीचा कारभार मला न विचारताच ऐकू येई. सारा गाव त्यांना 'अरे' म्हणायचा, ऐंशीचा म्हातारा आणि आठ वर्षांचा पोरगासुद्धा. मी 'अहो' म्हटलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मागे वळून पाहिलं, कोणाला हाक मारली ते बघायला.

दवंडी म्हणजे डफडं हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून टाकलेलं, आणि डफडं म्हणजे महारवाड्याच्या गळ्यात अडकवलेलं काम. छप्पन साली धर्म बदलला तशी बुद्धवाड्याने गावकीची सगळी कामं टाकली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, डफडं वाजवायचं नाही. त्यांच्या वडिलांनी आपलं डफडं फोडून चुलीत घातलं आणि त्या जाळावर घरच्यांसाठी चहा केला. "चामड्याचा वास येत व्हता, बाई, चहाला," ते हसत सांगायचे. "पन सगळ्यांनी प्याला. आईनं तर दोन कप."

पुढे पंचायतीला पगारी शिपाई हवा होता. हे सातवी पास, अर्ज केला, नोकरी मिळाली. दवंडी त्या कामात आलीच. त्यांनी पहिल्याच दिवशी जुन्या सरपंचांना सांगून टाकलं, "तोंडानं सांगीन. वाजवनार नाय." जुने सरपंच सरळ गृहस्थ होते. ते म्हणाले, बातमी पोचल्याशी कारण. हेडमास्तरांनी शाळेची जुनी घंटा काढून दिली.

त्यांच्याच वाड्यातल्या तरुण मुलांना मात्र हे पटत नव्हतं. "काका, डफडं गेलं, घंटी आली. काम त्येच ना?" असं ती तोंडावर विचारत. ते म्हणत, "सांगनं वाईट नाय रं. जबरदस्तीनं वाजवायला लावनं वाईट व्हतं." मुलं खांदे उडवून निघून जात.

पण त्यांना ते काम मनापासून आवडायचं. पंचायतीत सूचना आली की ती घेऊन आधी माझ्या वर्गाच्या दाराशी येत.

"बाई, 'विहित मुदतीत' म्हंजी काय सांगू?"

"ठरलेल्या दिवसांच्या आत."

"मग त्येच लिवायचं ना! लोकांनी घरपट्टी भरावी असं सरकारला वाटतंय का नाय?"

पाराशी ते आधी सरकारी सूचना मान वर करून जशीच्या तशी म्हणत. ग्रामस्थांना कळविण्यात येते की सार्वजनिक विहिरीत जंतुनाशक पावडर टाकण्यात येणार असल्याने वगैरे वगैरे. मग आवाज खाली आणून म्हणत, "आता माजं सांगनं. आजच पानी भरून ठेवा. उद्या वास येईल तवा मला शिव्या देऊ नका. पावडर मी टाकली नाय, मी निस्तं सांगितलं." गावातले लोक या दुसऱ्या दवंडीसाठी थांबायचे.

देवीची लस टोचायला माणसं आली तेव्हा बायांनी पोरं माळ्यावर लपवली. यांनी पाराशी उभं राहून सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि आपला व्रण दाखवला. "ह्यो बघा. मेलो का मी?" एकदा कोंडवाड्यात अडकलेल्या जनावरांची दवंडी होती. त्यात त्यांनी सांगितलं, "एक काळी शेळी, कान फाटका, मालक बेफिकीर." कोणीतरी विचारलं, मालक कोण रे? "मीच," म्हणाले, आणि पुढची सूचना वाचू लागले.

डोंगरावरच्या ठाकरवाडीवर जाताना ते घंटा शाळेतच ठेवून जायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं कशाला? तिथं मानसं आपनहून जवळ येऊन बसतात." खालच्या गावात माणसं जवळ येत नाहीत, हे त्यांनी असं न सांगता सांगितलं. मी मात्र त्या वेळी नुसती मान डोलावली आणि वर्गावर गेले.

मग निवडणूक झाली आणि नवे सरपंच आले. तरुण होते, कर्जतला भाताचा व्यापार होता, पायात पॉलिश केलेले बूट. पहिल्याच ग्रामसभेला फारसं कोणी आलं नाही. सभा ऐन लावणीत ठेवली तर कोण येणार? पण सरपंचांनी दोष घंटेवर ढकलला. कर्जतच्या बाजारातून डफडं आणलं आणि कचेरीत खिळ्याला टांगलं. पत्र्याआडून मला सगळं ऐकू आलं.

"घंटेला कोण विचारतो? कुणाला देवळाची वाटते, कुणाला शाळेची. हे घे. उद्यापासून हे वाजवायचं."

"साहेब, मी पयल्याच दिवशी सांगितलंय. वाजवनार नाय."

"पगार घ्यायला लाज वाटत नाही, वाजवायला वाटते?"

"लाज नाय वाटत. आमी ते सोडलंय."

"मग नोकरीही सोड. गणपतीपर्यंत काय ते ठरव."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ते रोज कचेरी झाडत, टेबल पुसत, पाण्याचा माठ भरत, पण त्या खिळ्याखालची जमीन झाडत नसत. तिथे धूळ साठत गेली. वरच्या आळीतले रिकामटेकडे येता-जाता विचारत, "काय रं, हात शिवशिवतात का?" बुद्धवाड्यातली मुलं म्हणत, असली नोकरी त्यांच्या तोंडावर फेका. घरात बायको म्हणाली, "उपाशी राहू, पन त्याला हात लावू नका." सगळेच त्यांना काय करायचं ते सांगत होते, आणि गावाला सांगणारा हा माणूस गप्प झाला होता. दवंडीतलं "आता माजं सांगनं" बंद पडलं. सरकारी सूचना म्हणून झाली की घंटा काखेत मारून खाली मान घालून परत येत.

एकदा मी म्हटलं, "तुम्ही दुसरं काही का बघत नाही? रेल्वेत, कारखान्यात?"

"बघीन की," म्हणाले. "पन बाई, मला सांगायला आवडतं. मानूस घराभायेर येऊन माजं ऐकतं. आमच्या बापाचं डफडं ऐकत व्हती लोकं, त्याचं कोन ऐकत व्हतं?" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

श्रावणात पाऊस लागून राहिला. दुपारी शाळा सोडून मी वह्या आवरत होते, तेवढ्यात खालापूरच्या तहसील कचेरीची जीप चिखल उडवत आली. वरच्या अंगाचा बांध फुटला होता, नदी चढत होती, खालची आळी लगेच मोकळी करायची होती. जीप पुढच्या गावाला निघून गेली. हे घंटा घेऊन धावले. मी ओसरीवरून बघत होते. पाऊस पत्र्यांवर, कौलांवर असा कोसळत होता की पाराशी हात हलताना दिसे, पण घंटा ऐकू येत नव्हती. एकही दार उघडलं नाही.

सरपंच ओरडले, "आता तरी डफडं घे, अरे! माणसं मरतील!"

ते परत येऊन कचेरीच्या दाराशी ओले उभे होते. खिळ्याकडे बघितलं, सरपंचांकडे बघितलं. मग घंटा माझ्या हातात दिली आणि उतार धरून खाली निघाले. सरपंचांनी मग स्वतःच डफडं काढलं, गळ्यात अडकवलं आणि पावसात उतरून बडवायला लागले. चार ठोक्यांत कातडं भिजून सैल पडलं. भिजलेलं पोतं झोडल्यासारखा आवाज येऊ लागला. इतक्या पिढ्या दुसऱ्यांकडून वाजवून घेतलं, पण पावसात ते वाजत नाही एवढंही गावाला ठाऊक नव्हतं. एरवी मी खूप हसले असते.

तोवर हे खालच्या आळीत पोचले होते. गावची रीत अशी की बुद्धवाड्यातलं कोणी आलं तर अंगणाबाहेरून हाक द्यायची. ते अंगणात शिरले, पायऱ्या चढले आणि हाताच्या मुठींनी दारं बडवू लागले. "भायेर या! पानी येतंय! ढोरं सोडा, शाळंत चला!" एकामागून एक दारं उघडली. माणसं पोरांना, कोंबड्यांना, भांड्यांना कवटाळून चढ चढू लागली. नदीचं तांबडं पाणी शेवटच्या घरांच्या जोत्याला लागलं होतं.

शेवटच्या घरात सरपंचांची चुलती एकटी राहायची. म्हातारी मायाळू होती. फणस उतरला की माझ्या पोरांसाठी हटकून गरे पाठवायची. तिच्याने चालवत नव्हतं. यांनी तिला पाठीवर घेतलं. तो चढ मला अजून दिसतो. गुडघाभर पाण्यातून, मग चिखलातून, तिचे काटकुळे हात त्यांच्या गळ्याभोवती घट्ट. त्यांनी तिला माझ्या वर्गात आणून बाकावर अलगद बसवलं आणि धापा टाकत दाराशी टेकले.

म्हातारी केसांपासून नखांपर्यंत निथळत होती. मी तिच्या अंगावर चादर टाकायला गेले तर तिने हात आडवा धरला.

"बाई, जरा एक बादली पानी दे गं. मला आंगोळ करायची हाय."

मला आधी समजेना. मग ती दाराकडे न बघता हळूच म्हणाली, "त्यानं उचलून आनलं ना मला."

माझं डोकं सणकलं. "आजी, बाहेर मोप पाणी पडतंय. त्यात जाऊन उभ्या राहा!" मी इतक्या मोठ्याने बोलले की वर्गात जमलेली सगळी माणसं वळून बघू लागली. दाराकडे पाहिलं. ते तिथेच उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. "अजून गोठं बघायचं हायेत," असं पुटपुटून ते पुन्हा पावसात गेले.

त्या पुरात दोन-तीन म्हशी वाहून गेल्या, भिंती पडल्या, माणूस एकही गेलं नाही. सरपंचांनी चारचौघांत त्यांची पाठ थोपटली आणि भिजून सैल पडलेलं डफडं परसात फेकून दिलं. "आता घंटाच वाजव, कोणी काही म्हणणार नाही," असं स्वतः म्हणाले. बुद्धवाड्यातली मुलंसुद्धा त्यांच्याबरोबर ताठ मानेने चालू लागली. मला वाटलं, जिंकले. मी आनंदाने शाळेत पेढे वाटले.

गणपतीच्या आधी ते माझ्याकडे आले, नेहमीच्या खाकीऐवजी पांढरा सदरा घालून. नोकरी सोडली होती. कर्जतला रेल्वेत खलाशाचं, सामान-अवजारं उचलायचं काम मिळालं होतं, बायको-पोरं पुढे गेली होती.

"अहो, पण आता तर सगळं तुमच्या मनासारखं झालं," मी म्हटलं. "आता का?"

ते ओसरीच्या कडेला बसले. मग म्हणाले, "पाठीवर व्हती तवा ती म्हातारी माज्या कानाशी सारखी म्हनत व्हती, बाबा, सांबाळ रं, बाबा, सोडू नको. खाली ठेवली तर बादली मागितली. त्याचं काय नाय, बाई, असलं लय ऐकलंय. पन मी रोज मनाशी इचारतो, उद्या परत पानी आलं तर मी तिला उचलीन का? आन उत्तर येत नाय. कंदी हो येतं, कंदी नाय येतं." ते उठले. "असल्या मानसानं गावाला सांगायला उभं ऱ्हाऊ नये."

मला त्यांना थांबवायचं होतं. तुम्ही उचलाल, मला ठाऊक आहे, असं म्हणायचं होतं. पण ते उचलतील म्हणून त्यांनी राहावं, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते मी? तसं तर सारा गाव पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला होता. मी फाटकापर्यंत पोचवायला गेले. चौकची एसटी आली आणि ते गेले.

पंचायतीला त्या कामासाठी दुसरा माणूस मिळाला नाही. कचेरीबाहेर फळा लावला. त्यावर सरकारी भाषेत लिहिलेलं पावसाने पुसून जाई. पुढच्या पावसाळ्यात जोराची झड लागली की खालच्या आळीतली माणसं स्वतःच नदीवर जाऊन पाणी बघून येत. ती म्हातारी उंबऱ्याशी बसून समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारी, "पानी कुटवर आलं रं? अरं, कुनी सांगता का?" ज्याला त्याला आपली ढोरं, आपली पोरं वर न्यायची घाई असे. तिच्यासाठी थांबून कोणी सांगत नसे.