जोडलेली नळी

रुग्णालयाच्या लाँड्रीत तिला सगळे घडीताई म्हणत. चारही कडा जुळल्याशिवाय ती चादर ढिगावर ठेवत नसे. दुसऱ्या कुणी वेडीवाकडी घडी घातली, तर ती न बोलता उलगडून पुन्हा घाली. "हिच्या पोटात फूटपट्टी आहे," मशीन चालवणारी मावशी म्हणायची.

पोटात काय आहे नि काय नाही, हे घडीताईला पुरतं ठाऊक होतं. दुसरं मूल झाल्यावर, चोविसाव्या वर्षी, तिनं ऑपरेशन करून घेतलं होतं. कुणी हात धरून नेलं नव्हतं. दोन लेकरं, दोन खोल्या, पुरे की. त्यातला धाकटा सहा वर्षांचा असताना चार दिवसांच्या तापात गेला. शेवटपर्यंत तो कडेवरून उतरायचा नाही. त्यामुळे नुसती उभी असली तरी ती अजून डाव्या बाजूला कलून उभी राही. थोरली मुलगी होती, शहाणी होती. गेलेला परत येत नाही, हेही तिला कळत होतं. पण कडेवर कुणीतरी हवं होतं.

बंद केलेल्या नळ्या पुन्हा जोडता येतात, असं तिला एका नर्सनं सांगितलं. घडीताईनं दोन वर्षं ते मनात ठेवलं. मग नवऱ्याला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेली. नवरा प्लंबर. डॉक्टरबाईंनी कागदावर नळ्या काढून दाखवल्या, तसा तो पुढे सरकला.

"जोडायला सॉकेट कसलं लावता?"

"सॉकेट नाही हो. केसापेक्षा बारीक धाग्याचे टाके."

"आणि गळलं तर?"

"अहो, गप्प बसा," घडीताई म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या, पण गोड बोलून भुलवलं नाही. नळी किती उरली आहे ते पोट उघडल्यावरच कळेल. जोडली तरी मूल होईलच असं नाही. आणि झालंच, तर ते नळीतच अडकायची भीती असते. "म्हणून पाळी चुकली की लगेच यायचं. वाट बघत बसायचं नाही."

ऑपरेशन झालं. डावी नळी फारच आखूड उरली होती, ती सोडून दिली. उजवी जोडली. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं बजावून घरी पाठवलं.

पाचव्या आठवड्यात ती कामावर गेली, फक्त घड्या घालायला. मावशी जागेवर नव्हती आणि मशीन धुणं संपवून थांबलं होतं. लाँड्रीत सगळं वजन कोरड्या कापडाचं धरतात. मशीनची क्षमता तशीच, कामाची मोजणीही तशीच. चादर अर्ध्या किलोची, म्हणजे आठ चादरी चार किलो. तिनं मनात मोजलं आणि आठ चादरी एका मिठीत बाहेर ओढल्या. चादरी ओल्या होत्या. पोटात उजवीकडे काहीतरी ताणलं, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं जे हात ओलं कापड उचलत होते, त्यांनी कोरडा हिशोब केला होता.

"अक्कल गहाण ठेवलीस का गं?" मावशीनं तिला बाकावर बसवलं. "मला हाक मारायला जीभ झिजत होती?"

डॉक्टरबाईंनी तपासलं. वरचे टाके शाबूत होते. आतलं मात्र आत्ताच सांगता येणार नाही, म्हणाल्या.

पुढचे महिने तिनं त्या आठ चादरींसकट काढले. दर महिन्याला पाळी तारखेला हजर. दर वेळी ती नवऱ्याला एवढंच सांगे, "नाही." तो मान हलवी आणि हत्यारांची पिशवी उचलून कामाला निघे. सहा महिन्यांनी नळीत रंग सोडून तपासणी केली. रंग पार गेला. जोड टिकला होता. बाहेर येऊन ती भिंतीला टेकून रडली. नवऱ्याला वाटलं, गेलं सगळं. "अहो, उघडी आहे," ती म्हणाली, तर तो म्हणाला, "म्हणजे जोड गळत नाही."

तरी आणखी पाच वेळा "नाही" झालंच.

सहाव्या वेळी तारीख उलटली. पहिला दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसराही तसाच गेला. लगेच यायचं, हे तिला पाठ होतं. पण विचारलं की उत्तर येणार, आणि उत्तर आलं की हे आशेचे दोन दिवसही हातचे जाणार. तिसऱ्या सकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो पायात चप्पल सरकवून दारात उभा राहिला.

"दोन दिवस गप्प बसलीस?"

"हो. चला आता."

डॉक्टरबाईंनी तपासणीचा कागद पाहिला. "दिवस गेलेत. पण कुठे रुजलंय ते आज दिसणार नाही, फार लहान आहे. सोमवारी सोनोग्राफी करू. मध्ये पोटात दुखलं, चक्कर आली, तर तडक यायचं. या वेळी दोन दिवस नाही, दोन तासही थांबायचं नाही."

"नाही थांबणार."

घरी लेक दारातच होती. "आई, काय म्हणाल्या?"

"सोमवारी सांगते."

"आज कोणता वार आहे, माहितेय का तुला?"

"बुधवार," घडीताई म्हणाली आणि उजव्या कुशीवर हात ठेवून हळूच बसली.