बांधावरच्या मॅडम

घरी काय पिकतं, हे मॅडम पहिल्याच तासाला प्रत्येकाला विचारायच्या. आम्हाला वाटलं, बाई मायाळू आहेत. पुढं कळलं, त्या आमच्याच विरुद्धचा पुरावा गोळा करत होत्या.

पुण्याला विद्यापीठात त्या आम्हाला आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थकारण शिकवायच्या. सत्र संपताना वर्गात देशादेशांच्या वाटाघाटी लावायच्या, आणि ज्याचं घर ज्या पिकावर, त्याला त्याच्याच पोटावर पाय देणारा देश द्यायच्या. पिंपळवंडीच्या गणेशच्या घरी कांदा, म्हणून त्याला कांदा स्वस्तात मागणारी श्रीलंका. "घरी कळलं तर भाकर बंद व्हईल राव," तो म्हणायचा. कुणी कुरकुरलं की मॅडमचं ठरलेलं वाक्य, "आपल्या बाजूनं कुणीही भांडतं. बांधाच्या पलीकडं उभं राहा आणि तुझं शेत कसं दिसतं ते सांग." त्यावरूनच त्यांचं 'बांधावरच्या मॅडम' हे नाव पडलं.

मी निरगुडसरची. घरचा ऊस. आमच्या घराण्यात कॉलेज बघितलेली मी पहिली, आणि हे मी अजूनही ताठ मानेनं सांगते. मला ब्राझील मिळाला. समोर भारत.

वाटाघाटीच्या दिवशी बोलायला उभी राहिले आणि दारात अण्णा दिसले. माझे वडील, न कळवता आलेले, हातात दशम्यांची पिशवी. कुणाकडं आलात ते विचारून मॅडमनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. आता तरी सूट मिळेल म्हणून मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी पेनानं टेबलावर टकटक केलं, बोल म्हणून.

मग मी बोलले. भारताची साखर सरकारच्या आधारानं स्वस्त विकली जाते, आमच्या ब्राझीलच्या शेतकऱ्याचा भाव पडतो, तो आधार काढा. भारत झालेली पोरं कागद चाळायला लागली. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला पडले.

अण्णांना सोडायला मी स्टँडपर्यंत गेले. एसटी लागली तेव्हा म्हणाले, "आपल्या बाजूनं कोणच न्हवतं का गं तिथं?"

दुसऱ्या दिवशी अण्णांचा तोच प्रश्न घेऊन मी मॅडमशी भांडायलाच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू कशाला शिकतेयस?" मी रागानं निघून आले. निकालानंतर भेट राहिली ती राहिलीच. मॅडम वारल्याचं गणेशनं फोनवर कळवलं.

गेल्या हंगामात आमच्या ऊसतोडीची पाळी लांबली, ऊस वाळायला लागला. शेतकऱ्यांची साखर कारखान्याशी बैठक ठरली. आदल्या संध्याकाळी घरच्या ओट्यावर मी कारखान्याचे साहेब झाले आणि अण्णांचा एकेक मुद्दा खोडत गेले. "तू आमची हायेस का त्यांची?" ते तापले. मी सोडलं नाही.

बैठकीत साहेब जे जे बोलले, ते अण्णांनी आधीच ऐकलेलं होतं. आवाज न चढवता ते उत्तरं देत गेले आणि तोडीची तारीख घेऊनच खाली बसले.

येताना स्कूटीवर माझ्या मागं बसून म्हणाले, "तुझ्या मॅडमला सांग, आपल्या बाजूनंबी कोण तरी व्हतं."

मॅडमना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी म्हणाले, सांगते.